सातबारा कुणाचा, बियाणं कुणाचं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग आंबे काढायची धांदल, मग मुंबईची नातवंडं आली... असो. आज लिहायला बसलोय ते एका मुडीमुळे.

मुडी म्हणजे भाताचं बियाणं ठेवायचा पेंढ्याचा गोळा. आमच्या लहानपणी घरोघर असायची. पेंढा पसरायचा, मधे निवडलेलं भात ओतायचं आणि सुंभाने असं घट्ट आवळायचं की फुटबॉलसारखं टणक व्हावं. मग ती मुडी माळ्यावर, चुलीचा धूर जाईल अशा जागी. पावसाळ्यापर्यंत तिला ना कीड ना बुरशी. आता प्लास्टिकची पोती आली आणि मुड्या गेल्या. गेल्या म्हणजे आमच्या वाडीत एक उरली आहे, काकीच्या घरात.

काकी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच. पण अख्खी वाडी तिला काकी म्हणते म्हणून मीही म्हणतो. गेली अठरा वर्षं आमचे मळ्यातले चार कुणगे ती करते. अर्धेलीने. म्हणजे पूर्वी अर्धेलीने. आता आम्ही दोघंच म्हातारे घरात, त्यामुळे पेजेपुरता तांदूळ आला की आमचं भागतं. वालय पेरते ती. लाल तांदूळ, उकडा केला की पेज अशी दाट होते की दुपारपर्यंत पुन्हा भूक म्हणून लागत नाही. तिच्या सासूने तिला हे बियाणं दिलं, सासूला तिच्या सासूने. वाडीत बाकी सगळ्यांनी वालय कधीच सोडलं. उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं होतं, पीक कमी येतं. जया आली, रत्नागिरीच्या आणि कर्जतच्या जाती आल्या, लोकांनी त्या घेतल्या. त्यात त्यांची काही चूक नाही. पोटाला जास्त मिळत असेल तर कोण नको म्हणेल?

तर रोहिणी लागल्या तशी एका सकाळी काकी मुडी काखेत घेऊन पडवीत येऊन बसली.

"मास्तरानू, ता नैसर्गिक शेतीचा कायतरी इला हा म्हणतत. नाव घालूक गेल्लंय, तर माका इचारतत, तुझो सातबारो खय?"

"मगे काय सांगितलंस?"

"काय सांगतलंय? म्हटलंय, सातबारो मास्तरांचो, बियाणा माझा. तर ती पोरगी हसाक लागली."

मीही हसलो. काकी मात्र हसली नाही. ती गेल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आधी ही योजना काय ते थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. एकूण खर्च २,४८१ कोटी रुपये, देशभरात १५,००० गट, एक कोटी शेतकरी. गावोगाव 'कृषी सखी' नेमायच्या, त्यांनी शेतकऱ्यांना शिकवायचं, आणि शेतकऱ्याला एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं. कल्पना चांगली आहे. गंमत इतकीच की काकीची शेती अठरा वर्षं नैसर्गिकच आहे. तत्त्व म्हणून नव्हे, युरियाला पैसे नव्हते म्हणून! दोन गाई, त्यांचं शेण, डोंगरातला पालापाचोळा, एवढ्यावर ती करत आली. जे तिला येतं ते शिकवायला सरकार माणसं नेमणार, आणि शिकणाऱ्यांच्या यादीतसुद्धा ती बसत नाही.

का बसत नाही? कारण महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला. ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. काकीच्या नावावर घराखालचा तुकडासुद्धा नाही. सरकारच्या लेखी ती कुणीच नाही.

आणि सरकारच्या लेखी शेतकरी कोण? मी! आयुष्यभर हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. नांगराला हात लावला तो लहानपणी, तोही वडील ओरडले म्हणून. माझ्यासोबत आमच्या सातबाऱ्यावर आणखी बावीस नावं आहेत. वडील आणि त्यांचे दोन भाऊ, त्यांची मुलं-मुली, त्यातल्या काहींचे वारस. बावीसपैकी गावात कुणी नाही. मुंबई, ठाणे, पुणे, एक जण बडोद्याला, एक भाची अमेरिकेत. पंतप्रधान किसान सन्मान निधी २०१९ साली सुरू झाला, वर्षाला ६,००० रुपये. मग २०२३ साली राज्याने नमो शेतकरीचे आणखी ६,००० जोडले. मला पेन्शन असल्यामुळे ते मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या एका चुलतभावाला मिळतात. डोंबिवलीत राहतो, शेवटचा चिखलात उतरला तो मुंजीच्या वर्षी. (वाचत असशील तर रागावू नकोस रे, तुझ्या हक्काचेच आहेत, नियमात बसतात म्हणूनच मिळतात. माझं भांडण नियमाशी आहे.)

आता यातला सगळ्यात अवघड भाग. काकीला मी एक कागद लिहून दिला असता, की ही बाई आमची जमीन कसते, तर निदान बोलायला काही आधार झाला असता. अठरा वर्षांत मी तो दिला नाही. तिने पूर्वी एकदा मागितला होता, पीककर्जासाठी. मी "बघू" म्हटलं. आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

का दिला नाही? कूळ लागेल म्हणून.

१९४८ चा कूळकायदा, आणि त्यातला १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. त्या कायद्यात असंही आहे की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीररीत्या कसतो तो कूळ मानला जातो, घरचा माणूस किंवा मजूर नसेल तर. म्हणून कोकणात जमीनवाला कधीही लिहून देत नाही. सगळा व्यवहार तोंडी. दर दोन-तीन वर्षांनी कसणारा बदलायचा, म्हणजे हक्क सांगायला नको. किंवा सरळ पडीक ठेवायची. आमच्या मळ्यात आज फिरून आलात तर निम्मे कुणगे पडीक दिसतील. बांध फुटलेत, आत रान माजलंय, त्यात डुक्कर. लोक म्हणतात माकडांमुळे शेती सोडली, माणसं नाहीत म्हणून सोडली. खरं आहे. पण कसायला तयार असलेल्या माणसालाही आम्ही जमीन देत नाही, हे कुणी म्हणत नाही.

आणि ही जमीन आमच्याकडे आली कशी? कूळकायद्यानेच! माझे आजोबा एका जमीनदाराची शेतं खंडाने करत होते. माझ्या वडिलांनी 'बत्तीस ग' खाली किंमत भरली, हप्त्याहप्त्याने, आणि जमीन नावावर झाली. मी तेव्हा शाळकरी होतो. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी आईने घावन आणि गुळाचा रस केला होता तो मला अजून आठवतो. वडिलांनी तो कागद पत्र्याच्या ट्रंकेत, त्यांच्या एकुलत्या एका कोटाच्या खाली ठेवला. ज्या कायद्याने आम्हाला मालक केलं, त्याच कायद्याची भीती दाखवून मी दुसऱ्या कसणारीला कागद नाकारला. इतिहासाचा शिक्षक होतो मी. वर्गात कूळकायदा शिकवताना आवाज चढायचा माझा.

पुण्याच्या भाच्याशी फोनवर यावर बोललो. तो म्हणाला, "मामा, मुळात अनुदान कशाला हवं? अनुदानाने माणसं आळशी होतात." हे वाक्य आजकाल फार ऐकू येतं, म्हणून थोडं थांबतो.

१९९० साली आपल्या राज्यात रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली. त्याआधीचे आमचे डोंगर ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवत असेल, नुसता कातळ आणि गवत, उन्हाळ्यात बघवत नसे. आज मालवण-देवगड-वेंगुर्ला कुठेही जा, काजू आणि आंबा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, जे १९५७ पासून काम करतंय, काजूच्या चांगल्या जाती दिल्या. अनुदानाने त्या लोकांच्या डोंगरावर नेल्या. मजुरीला पैसे, खड्ड्याला पैसे, कलमाला पैसे, आणि तेही एकदम नाही, तीन वर्षांत, झाडं जगली तर पुढचा हप्ता. यात आळशी कोण झालं? उन्हाळ्यात डोक्यावरून हंड्याने पाणी नेऊन कलमं जगवलेल्या बायका मी बघितल्या आहेत. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक सगळ्यांना आहे, त्यामागे हे हंडे आहेत.

तेव्हा अनुदान वाईट नसतं. ते कुणाच्या हातात जातं आणि कशासाठी जातं, यावर सगळं आहे. त्या योजनेने डोंगर हिरवा केला, पण पैसा सगळा डोंगराला गेला. मळ्याला काही नाही. ज्याच्याकडे भरड जमीन होती तो वर आला. ज्याच्याकडे दुसऱ्याचा कुणगा होता तो होता तिथेच. आणि २०१८ नंतर भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची फळबाग योजना आली तिच्यातही सातबारा सामाईक असेल तर बाकी खातेदारांची संमती लागतेच. कोकणातला सातबारा सामाईक नसेल तर तो कोकणातला कसला? सावंतवाडीकडे आंबोली, गेळे, चौकूळ या गावांचं दुखणं तर याहून मोठं. कबुलायतदार गावकर पद्धतीने पिढ्यानपिढ्या सगळ्या गावाने मिळून धरलेल्या जमिनी, आणि सातबाऱ्यावर १९९९ साली नाव लागलं ते महाराष्ट्र शासनाचं. पुढे कित्येक वर्षं तिथल्या माणसाने स्वतःची म्हणून कसलेली जमीन कागदावर त्याची नव्हती. तो कुठल्या अनुदानाला जाणार? वाटपाच्या हालचाली अलीकडे झाल्या, त्या पूर्ण होवोत. कातकरी, ठाकर या मंडळींचं तर विचारूच नका. रानाची, बियाण्याची, कंदमुळांची सगळ्यात जास्त माहिती ज्यांना, त्यांच्याकडे सगळ्यात कमी कागद.

राहीबाई पोपेरे यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, महादेव कोळी समाजातल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. देशी बियाणं जमवत गेल्या, वाटत गेल्या. 'बायफ' संस्थेने साथ दिली, बियाणे बँक उभी राहिली, आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. टीव्हीवर बघताना आमच्या घरात टाळ्या वाजल्या. पण मला वाटतं, आपण राहीबाईंना पुरस्कार देऊन एक सोय करून घेतली. एकीचा सत्कार केला की बाकीच्या काकी दिसेनाशा होतात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा कायदा २००१ सालचा आहे. शेतकऱ्याने बियाणं राखावं, पेरावं, वाटावं, विकावं (कंपनीचं नाव लावून नव्हे), हा हक्क त्यात स्पष्ट लिहिलाय. वाण जपणाऱ्या समूहाला दहा लाखांचा पुरस्कारही आहे. मला हा कायदा आवडतो एवढ्यासाठी की त्यात बियाणं राखणारा माणूस जमिनीच्या मालकीवरून नाही, बियाण्यावरून ओळखला जातो. पण पुरस्कार वर्षाला मोजक्यांना. पेरणी दरवर्षी सगळ्यांना असते.

मग करायचं काय? मी काही अर्थतज्ज्ञ नाही, मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण वाचतो. इतर राज्यांनी वेगवेगळं करून पाहिलंय. तेलंगणाने २०१८ साली रयतु बंधू आणली, पैसे फक्त जमीनमालकाला. कसणारे कोरडे राहिले. त्याच सुमाराला ओडिशाने कालिया योजना काढली, तीत वाट्याने कसणारे आणि भूमिहीनसुद्धा धरले होते. २०२४ साली तिच्या जागी सीएम किसान आली, पण भूमिहीनांना धरायचं तत्त्व टिकलं. आंध्रने २०१९ साली कसणाऱ्याच्या हक्काचा कायदा केला: अकरा महिन्यांचं कार्ड, त्यावर कर्ज-विमा-मदत मिळेल, आणि मालकीला धक्का लागणार नाही हे कायद्यातच लिहिलेलं. त्यातही मेख राहिली, कारण मालकाची सही लागते आणि मालक सही देत नाहीत. (मालक सगळीकडे सारखेच, "बघू" म्हणणारे.) केरळने २०२० पासून भातजमीन राखणाऱ्या मालकाला हेक्टरी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली, कारण भाताचं शेत पाणी धरतं, विहिरींना जगवतं. हे आम्हाला सांगायला नको. मळा पडीक पडला तसं वाडीतल्या खालच्या विहिरीचं पाणी मार्चमध्येच तळाला जातंय.

आणि आपल्याच जिल्ह्यात एक वेगळी वाट निघाली होती. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने २०११ नंतर काही वर्षं सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. त्यात 'श्री' पद्धतीचं भात होतं, खेकडेपालन होतं, कालवं होती. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली, ती त्यातूनच. त्यातल्या सगळ्याच गोष्टी टिकल्या असं नाही. पण मदत गटाला मिळाली. खाडी कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून सातबारा कुणी विचारला नाही!

माझं म्हणणं एवढंच. मळ्यातल्या भाताला, आणि त्यातही जुन्या बियाण्याला, जे अनुदान द्यायचं ते बचत गटाला द्या. कोण कसतं हे वाडीत सगळ्यांना माहीत असतं. ग्रामसभेने ठराव करावा, ई-पीक पाहणीत पिकासमोर कसणाऱ्याचं नाव वेगळ्या रकान्यात यावं, आणि त्या नोंदीवरून कुळाचा हक्क सांगता येणार नाही असं कायद्यात स्वच्छ लिहावं. हे शेवटचं लिहिताना मला बरं वाटत नाही. माझ्या वडिलांना जे मिळालं ते काकीला मिळू नये, असं मी म्हणतोय. कुणी तोंडावर विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण आज जे आहे त्यात तिला ना जमीन, ना अनुदान, ना नाव. आणि जमीन पडीक. त्यापेक्षा नाव तरी येऊ दे.

कायदा होईल तेव्हा होईल, पाऊस थांबणार नाही. कृषी सखी म्हणून आलेली मुलगी चांगली आहे. तिने एक मार्ग सुचवला: "सर, तुमच्या नावाने नोंदवू, तुमचे पैसे तुम्ही काकींना द्या." म्हणजे अनुदान सरकारचं आणि मेहरबानी माझी. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. त्यासाठीही जमीन सामाईक म्हणून सगळ्यांची संमती हवी. काकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बावीस जणांका इचारूचा? चार कुणग्यांसाठी? मास्तरानू, लावणी जातली तोपर्यंत." आणि मुडी माझ्या पडवीतच ठेवून गेली. तिच्या घराला यंदा गळती आहे, माळा कोरडा नाही.

मी मसुदा केलाय. दोन कागद आहेत. एक संमतीपत्र. दुसऱ्यात फक्त एवढंच, की ही बाई आमचे चार कुणगे अठरा वर्षं कसते आणि येणारे पैसे तिचे. दुसऱ्यावर माझी सही करून झाली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन्ही टाकले. बावीसपैकी नऊ जणांनी हो कळवलं, अमेरिकेतल्या भाचीने सगळ्यात आधी. चौघांनी विचारलं, "दादा, कूळ नाही ना लागणार?" एकाने नमस्काराचं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ हो की नाही ते कळलं नाही. बाकीच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझा नंबर तुमच्याकडे आहे. मृग लागायला चार दिवस आहेत. रात्री नऊनंतर करा, दिवसा इथे रेंज नसते.